लहान विमानं का पडतात?



लहान विमान पडल्याची बातमी आली की पारावर, बैठकीत, एसटीत एकच शब्द ऐकू येतो. बिघाड. इंजिन बंद पडलं असेल, पंखा तुटला असेल. यंत्र आहे म्हणजे बिघडणारच, असा आपला साधा हिशोब. चौकशीचे अहवाल मात्र बहुतेक वेळा दुसरंच सांगतात. जगात सर्वात जास्त खाजगी लहान विमानं अमेरिकेत आहेत. तिथली अनेक वर्षांची मोजदाद सांगते की चार अपघातांतल्या साधारण तीन अपघातांचं मूळ चालवणाऱ्याच्या निर्णयात किंवा हातात सापडतं. यंत्र ठणठणीत असतं आणि तरी विमान पडतं.

हा विषय आपल्या कार्यक्रमात कशाला, असं कुणी विचारेल. तर बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर या भागांत विमान चालवायला शिकवतात. तिथे खुरपणी चालू असताना डोक्यावरून घरघरत जातात ती बहुतेक शिकाऊ मुलामुलींचीच विमानं. खाजगी मालकाचं असो की शिकवणीचं, विमान एकाच जातीचं असतं, एक इंजिन आणि दोन नाहीतर चार खुर्च्या. 25 जुलै 2022 ला बारामतीहून उडालेलं असं एक विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ मुलगी होती. गावकरी मदतीला धावले, मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरातच आठवडाभरात दोन शिकाऊ विमानांना अपघात झाले. आणि आता आपल्या गटांतल्या बायांच्या मुलीही बारावीला फिजिक्स, गणित घेऊन 'मी पायलट होणार' म्हणू लागल्या आहेत. म्हणून हा विषय.

आधी मोठ्या आणि लहान विमानातला फरक बघू. मोठ्या प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात. हवामान बघणारे वेगळे, वजनाचा आणि इंधनाचा हिशोब करणारे वेगळे, दुरुस्तीवाले वेगळे. त्यातल्या कुणीही 'आज नको' म्हटलं तर विमान थांबतं. लहान खाजगी विमानात एकच माणूस एसटीचा चालक, तोच वाहक आणि तोच आगारप्रमुख. 'आज गाडी सोडायची नाही' असं त्याला सांगणारं वर कुणी नाही. पुढे जी कारणं सांगतो आहोत, त्यातल्या बहुतेकांच्या मागे आम्हाला हेच दिसतं.

पहिलं कारण हवामान, आणि त्यातही न दिसणं. तुम्ही फुगडी घातली आहे. जोरात फिरून थांबलात की डोळे मिटले तरी जग फिरतच राहतं, कारण कानाच्या आतल्या बारीक नळ्यांतलं पाणी लगेच थांबत नाही. तोल कळतो तो त्या पाण्यामुळे. विमानात याच्या उलटंही होतं. विमान हळूहळू एका बाजूला कलत वळायला लागलं आणि वळतच राहिलं, तर थोड्या वेळाने कानाला वाटतं की आपण सरळ चाललो आहोत. बाहेर जमीन दिसत असेल तर डोळे कानाची चूक सुधारतात. ढगात, धुक्यात, अंधाऱ्या रात्री पाण्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग माणूस कानाचं ऐकतो, विमान आणखी कलतं आणि गोल गोल फिरत खाली येतं. समोरच्या तबकड्या खरं सांगत असतात, पण सराव नसेल तर अंगाला जाणवतं ते सोडून काट्यावर विश्वास ठेवणं फार अवघड जातं.

1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने याचा प्रयोग केला होता. वीस जणांना, ज्यांना फक्त बाहेर बघून उडवायचा सराव होता, ढगात शिरल्यासारखी स्थिती करून दिली. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्याला वेळ किती लागला? सरासरी 178 सेकंद. म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत. आपल्या चुलीवर एवढ्यात चहाला आधण येत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा असाच गेला. 16 जुलै 1999 ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी घरात चुलत बहिणीचं लग्न. तो स्वतः विमान चालवत होता, सोबत बायको आणि मेहुणी. निघायला उशीर झाला, सूर्य मावळला, हवा धुरकट होती आणि वाट समुद्रावरून. फक्त तबकड्यांवर उडवायचा परवाना त्याच्याकडे नव्हता, ते शिक्षण अर्धवट होतं. एका शिक्षकाने बरोबर येण्याची तयारी दाखवली होती, पण त्याला एकट्यानेच चालवायचं होतं. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटाजवळ विमान समुद्रात पडलं. तिघेही गेले. चौकशीत यंत्राचा दोष सापडला नाही. अंधार आणि धुरकट हवेत दिशेचं भान सुटलं आणि ताबा गेला, असा निष्कर्ष निघाला.

लग्नाला वेळेवर पोचायचं, ही ओढ आपल्याला नवी नाही. पूल पाण्याखाली गेलेला दिसत असताना जीप घालणारे आपल्या ओळखीत असतात. वैमानिकांच्या जगात या पोचण्याच्या ओढीला आजारच समजतात, आणि शिकाऊ मुलांना तो ओळखायला शिकवतात.

दुसरं कारण समजायला पंख कसा उचलतो ते कळलं पाहिजे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, पण लहानपणी आपण सगळ्यांनीच काढलेला आहे. तळहात आडवा धरून पुढची कड जराशी वर केली की वारा हात उचलतो. आणखी वर केली की आणखी उचलतो. पण फारच उभा केला तर उचलणं थांबतं आणि वारा हाताला नुसता मागे ढकलतो. पंखाचं तसंच आहे. विमानाचा वेग कमी झाला आणि वैमानिकाने ते वर राहावं म्हणून नाक ओढत नेलं, तर एका क्षणी पंख उचलणं सोडून देतो. याला स्टॉल म्हणतात. इथे इंजिन बंद पडलेलं नसतं बरं का, ते चालूच असतं. उंचावर असाल तर नाक खाली करून वेग घेता येतो आणि विमान सावरतं. धावपट्टीच्या जवळ, उतरायला वळताना किंवा नुकतंच उडाल्यावर हे झालं, तर सावरायला खाली जागाच नसते.

याचं एक उदाहरण आमच्या मनातून जात नाही. जेसिका डबरॉफ नावाची सात वर्षांची मुलगी. 1996 च्या एप्रिलमध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमानाने ओलांडणारी सर्वात लहान मुलगी म्हणून तिचं नाव गाजवायचं ठरलं. सोबत वडील आणि शिक्षक. पाय पोचत नाहीत म्हणून पायपट्ट्यांना जोड लावलेला. टीव्हीवाले, पेपरवाले मागे होतेच. कुठे कधी पोचायचं याचं वेळापत्रक ठरलेलं. दुसऱ्या दिवशी, 11 एप्रिलला सकाळी, वायोमिंग राज्यातल्या शायेन गावाहून निघताना पाऊस आणि वादळी वारा सुरू होता. ते गाव 1,800 मीटरहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर. उंचावर हवा विरळ, त्यामुळे पंखाला आधार कमी आणि इंजिनाला जोर कमी. त्यात विमानाचं वजन परवानगीपेक्षा चाळीसएक किलो जास्त. उडाल्यावर लगेच वेग कमी पडला, पंखाने उचलणं सोडलं आणि विमान रस्त्यालगत कोसळलं. तिघेही गेले.

चौकशीत निघालं की निर्णय शिक्षकाचा होता आणि विमानही प्रत्यक्षात तोच चालवत होता. वेळापत्रक पाळायची, प्रसिद्धीच्या कार्यक्रमांना वेळेवर हजर राहायची घाई हे अहवालात कारण म्हणून नोंदवलेलं आहे. एक दिवस थांबले असते तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. सात वर्षांच्या पोरीने 'आज नको' म्हणायचं तरी कुणाला? त्यानंतर अमेरिकेत लहान मुलांनी असे विक्रम करण्यावर कायद्याने बंदी आली.

वजन आणि ऊन यांचंही नातं आहे. गरम हवाही विरळ असते. आपल्याकडे विदर्भ-खानदेशात मे महिन्याच्या दुपारी विमानाला उडायला जास्त लांब पट्टी लागते आणि चढताना ते मंद चढतं. चार खुर्च्या आहेत म्हणजे चार माणसं, सामान आणि भरलेली टाकी एकदम चालेलच असं नाही.

तिसरं कारण इंधन. ऐकून हसू येईल, पण विमानं पेट्रोल संपून पडतात. कधी काटा चुकीचा, कधी 'पुरेल की' हा अंदाज. कधी तर याहून विचित्र होतं. पंखांत दोन टाक्या असतात, एक रिकामी होते, दुसरी भरलेली असते आणि चावी फिरवायची राहून जाते. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेतले फार लोकप्रिय गायक. 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे त्यांचं विमान समुद्रात पडलं. विमान त्यांनी नुकतंच, दुसऱ्याकडून विकत घेतलेलं. ज्याने बांधलं त्याने इंधनाची चावी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती घट्टही होती. फिरवायची तर हातातलं सोडून अंग मागे वळवावं लागे. त्या दिवशी टाकीत इंधन कमी होतं, भरून घ्यायला त्यांनी नको म्हटलं, कारण तासाभराचंच उडणं होतं. मागे वळून चावी फिरवताना पाय नकळत पायपट्टीवर दाबला गेला आणि ताबा सुटला, असं चौकशीत सांगितलं आहे. गॅसची शेगडी ओट्यावर आणि रेग्युलेटर पाठीमागच्या खोलीत, अशी ती रचना.

इंधनात पाणीही शिरतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. म्हणून रोज उडण्याआधी टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून बघायचं असतं. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे तळाशी पाणी असेल तर वेगळं दिसतं. काम दोन मिनिटांचं. दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, हे ऐकून तर आम्हालाही नवल वाटलं. बाहेर थंडी नसतानाही. माठ जसा पाणी झिरपून गार होतो, तसं पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार होते. त्यासाठी गरम हवा सोडायची एक खुंटी असते, ती वेळेवर ओढली म्हणजे झालं.

कसरतींबद्दल थोडक्यात. 23 जून 1980 ला दिल्लीत संजय गांधींचं विमान पडलं ते हवेत कसरती करताना, कमी उंचीवर. सोबतचे कॅप्टनही गेले. खाली घर दिसलं, ओळखीचं गाव दिसलं म्हणून खालून घिरट्या घालणं हेही त्याच जातीचं.

खरा बिघाड होतच नाही असं नाही. होतो. पण एकच इंजिन असलेलं विमान इंजिन बंद पडलं म्हणून दगडासारखं पडत नाही. ते तरंगत खाली येतं, आणि मोकळं शेत बघून उतरवायचं कसं, याचा सराव शिकाऊ मुलांकडून वारंवार करून घेतात.

आता ज्यांच्या मुली या वाटेने जाणार आहेत, त्यांच्यासाठी. आपल्या देशात व्यावसायिक परवान्याला 200 तास उडावं लागतं आणि खर्च मोठा आहे. त्यामुळे घरून फोन जातो, 'किती तास झाले? लवकर उरक.' हा फोन करू नका. संस्था बघायला जाल तेव्हा नवी विमानं आणि वसतिगृह दाखवतील, ते बघा. पण हेही विचारा की हवा खराब म्हणून मुलीने स्वतः उड्डाण रद्द केलं, तर तिला कुणी बोलतं का? दुरुस्तीची नोंदवही विद्यार्थ्यांना बघायला मिळते का? उडण्याआधीची यादी वाचून काम करतात की पाठ आहे म्हणून सोडून देतात? वीस वर्षं उडवणारा वैमानिकही यादी वाचतो. आपल्या गटाची शिल्लक तोंडपाठ असली तरी आपण बैठकीत वही उघडतोच ना.

आणि विमान आपल्या शिवारात पडलं तर? 16 जुलै 2021 ला जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात एक शिकाऊ विमान पडलं. शिक्षक जागीच गेले, शिकाऊ मुलगी गंभीर जखमी होती. तिथल्या एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली. तिची झोळी करून गावकऱ्यांनी मुलीला डोंगराखाली आणलं. तिथे रुग्णवाहिका पोचण्यासारखी नव्हती, म्हणून ते योग्यच झालं. जिथे रस्ता आहे तिथे आधी 112 ला फोन करा आणि गावाचं, वाडीचं, जवळच्या देवळाचं नाव नीट सांगा. रुग्णवाहिकेसाठी 108. पेट्रोल सांडलेलं असतं, त्यामुळे बिडी, काडी, चूल काहीही जवळ नको. पुढचा पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. आग नसेल तर जखमीला ओढून काढायची घाई करू नका, मान-पाठ सांभाळा. विमान उलटं असेल तर पट्टा सोडण्याआधी खालून आधार द्या, नाहीतर माणूस डोक्यावर पडतो. काही नव्या लहान विमानांत छत्री उघडण्यासाठी रॉकेटसारखा भाग बसवलेला असतो, म्हणून छताजवळची ओढायची मूठ ओढायची नाही. पोरांना लांब ठेवा. आणि पत्र्याचा, काचेचा एकही तुकडा कुणी घरी नेऊ देऊ नका. चौकशीवाले जमिनीवर कुठला तुकडा कुठे पडला होता, यावरून विमान कसं पडलं ते शोधतात.