शुक्राचा खडा आणि धरणीची ओढ

वेंगुर्ल्यातील आमच्या ओळखीच्या एका भगिनीने मुलीचे लग्न जमावे म्हणून ओपलचा खडा उधारीवर घेतला. शुक्र बलवान होईल, असे तिला सांगण्यात आले होते. उधारी फेडण्यासाठी पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरून घ्यायला ती मुलीसह आमच्याकडे आली. ‘कर्जाचे कारण’ हा रकाना तिने कोराच ठेवला होता.

आम्ही रागावलो नाही. खडा उन्हात धरला. लाल, हिरवे, निळे रंग चमकले. हे रंग कुठून येतात, तेवढेच दोघींना सांगितले.

ओपल म्हणजे वाळूच्याच जातीची सिलिका आणि थोडे पाणी. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्यात सिलिकेचे सारख्या आकाराचे गोल कण थरावर थर रचलेले दिसले. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढा! अशा सूक्ष्म कणांच्या शिस्तबद्ध रचनेला कलिल स्फटिक म्हणतात. तिच्यावरून परतताना प्रकाशाचे रंग वेगळे होतात. जमिनीखालच्या पाण्यात हे कण आपल्याच वजनाने सावकाश खाली बसले असावेत, असे मानतात.

बाजारातील लिंबांची रास आठवा. पहिल्या थराच्या खळग्यांत दुसरा थर बसतो. तिसऱ्याला मात्र दोन जागा असतात : पहिल्या थराच्या लिंबांच्या बरोबर वर, नाहीतर त्याच्या मोकळ्या राहिलेल्या खळग्यांवर. एकच पद्धत पाळली तर रचना निर्दोष. कधी ही, कधी ती झाली की दोष राहिला.

१९९५ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पॉल चैकिन व सहकाऱ्यांनी प्लास्टिकचे सूक्ष्म गोल कण द्रवात मिसळून ‘कोलंबिया’ यानातून अंतराळात पाठवले. तिथे वजन जवळजवळ जाणवत नाही. स्फटिक वाढले, पण थर कसेही बसलेले निघाले. पृथ्वीवरच्या नमुन्यांत मात्र काही भाग नियमित होता. गुरुत्वाकर्षणाचा ताण थरांना शिस्त लावत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. उलट, पृथ्वीवर वर्षभर ठेवूनही ज्याचा स्फटिक झाला नव्हता, असे दाट मिश्रण तिथे दोन आठवड्यांच्या आत स्फटिक झाले. म्हणजे धरणीची ओढ कुठे दोष कमी करते, तर कुठे वाढच अडवते.

“मग यात शुक्र कुठे आला?” मुलीने विचारले.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भाऊ, हो खडो परत घेतीत काय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर दुकानात गेलो. तो अर्ज आमच्या खणात अजून तसाच आहे. वाचकहो, खडा घेण्यापूर्वी तो कसा बनतो, एवढे तरी विचारा.