न लढलेल्या बंदुकीचा भाव

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली तेव्हा सगळी चर्चा तिच्यासाठी मोजलेल्या ४७ लाख १५ हजार रुपयांवर अडली. एवढे पैसे नेमके कशाचे, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. पोलादाचे नक्कीच नाहीत. पातं युरोपातलं आहे, आणि तसली पाती तेव्हा दख्खनेत भरपूर येत होती. पैसे आहेत ते पात्यावर सोन्याच्या पाण्याने लिहिलेल्या नावाचे, आणि ते नाव मागाहून कुणी घातलेलं नाही या खात्रीचे.

तलवारीचं एक वेळ समजतं. ती एकेक घडवली जाई. कारखान्यातून लाखांनी बाहेर पडलेल्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा लष्करी रायफलींना हाच हिशेब लावला की खरी गंमत सुरू होते. अमेरिकेची एम-वन गॅरंड घ्या. दुसरं महायुद्ध आणि नंतरची वर्षं मिळून पन्नास लाखांहून जास्त बनल्या. तरीही दोन गॅरंड शेजारी ठेवल्या तर एकीची किंमत दुसरीच्या दहापट असू शकते, आणि नवख्याला दोघींत तसूभर फरक दिसत नाही.

फरक पडतो तो लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यात. सैन्याला मूळपणाचं सोयरसुतक नसतं. युद्धावरून परतलेल्या रायफली तिथे सुट्या केल्या जात; नळ्या एका पेटीत, बोल्ट दुसऱ्या, लाकडी दस्ते तिसऱ्या. माप घेऊन जे झिजलं ते फेकायचं आणि उरलेल्यातून हाताला येईल तो भाग उचलून रायफल पुन्हा जुळवायची. वरून नवा मुलामा आणि दस्त्यावर त्या कारखान्याचा शिक्का. शिपायाच्या दृष्टीने बंदूक नवी झाली, संग्राहकाच्या दृष्टीने बाटली. त्याला हवी असते अशी गॅरंड, जिच्या नळीवरचा महिना मुख्य सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळतो आणि जिच्या दस्त्यावर चौकटीत ‘एसए’ आणि त्याखाली ‘जीएचएस’ अशी अक्षरं अजून कडा धरून आहेत. एसए म्हणजे स्प्रिंगफील्ड आर्मरी. जीएचएस ही तिथल्या गिल्बर्ट स्ट्युअर्ट या अधिकाऱ्याची आद्याक्षरं.

आता विचार करा, दुरुस्तीतून सुटल्या कोणत्या? बहुतेक त्या, ज्या कुठल्या तरी कपाटात पडून राहिल्या, वाटेत गहाळ झाल्या किंवा कुणी गुपचूप घरी नेल्या. जी जास्त लढली ती जास्त झिजली, जास्त वेळा खोलली गेली, आणि आज ती स्वस्त. याहून उफराटं उदाहरण पहिल्या सुमारे पन्नास हजार गॅरंडचं. त्यांत नळीच्या तोंडाशी टोपण बसवून वायू पकडला जाई. ही रचना गैरसोयीची निघाली, म्हणून १९४० मध्ये बदलली आणि जुन्या रायफलीही परत बोलावून सुधारल्या. ज्या थोड्या सुधारायच्या राहिल्या, त्यांच्यावर आज उड्या पडतात. दोष तसाच राहिला, हीच त्यांची थोरवी!

जर्मन माउझरचं प्रकरण आकड्यांचं. तिच्या लहानमोठ्या भागांवर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तरी ठोकलेले असत. सगळे जुळले तर सोनं. सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेतलेल्या माउझर नंतर साफ करून, भाग सरमिसळ करून, दस्त्यांना लाखेचं रोगण चोपडून गोदामात रचल्या गेल्या आणि काहींवर नवे क्रमांक ‘जुळवून’ घातले. त्यांना भाव कमी. पण अमेरिकन शिपायाने स्वतः घरी आणलेली असेल तर गोष्ट वेगळी. लांब रायफल खांद्यावरच्या पिशवीत मावेना, म्हणून ही मंडळी नळीभोवतीच्या कड्याखाली लाकूड सरळ करवतीने कापत. कडं चढवलं की काप झाकला जाई. मूळ लाकूड कापलेलं, म्हणजे खरं तर मोठंच नुकसान. पण तो काप ती शिपायाबरोबर आल्याचा पुरावा ठरतो, म्हणून जाणकार त्याकडे बऱ्याच मायेने पाहतात. सोबत वरिष्ठांच्या सहीचा परवान्याचा कागद असला तर विचारूच नका. जपानी अरिसाकाचंही तसंच. तिच्यावर सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असे. शरणागतीनंतर हवाली केलेल्या रायफलींवरचं फूल घासून टाकलं गेलं. फूल शाबूत असेल तर ती बहुधा रणांगणावरच हाती लागली, आणि किंमत त्या फुलाची.

स्थितीबद्दल थोडक्यात: गंज चालतो, नवी चकाकी चालत नाही. मूळ मुलामा किती टक्के उरला हे पाहूनच बोली लागते. आजीची समई घासून लख्ख करावी तसा उत्साही वारसदार दस्त्याला पॉलिश पेपर लावतो आणि शिक्क्यांसकट निम्मी किंमत भुशात झाडतो. ब्रिटिश ली-एनफिल्डच्या लाकडाला जवसाचं तेल चोळायची रीत होती. एवढंच करावं, तेही हात आखडता ठेवून.

मला खरी चीड येते ती ‘सुधारलेल्या’ रायफलींची. दुरुस्तीतून आलेली गॅरंड घ्यायची, बाजारातून जुन्या काळचे भाग गोळा करायचे आणि १९४२ मध्ये ती कारखान्यातून जशी निघाली असेल तशी ‘करायची’. सगळे भाग खरे, रायफल खोटी. दस्त्यावर शिक्काही नवा मारून मिळतो. इयन स्केनर्टन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ली-एनफिल्डचे शिक्के नि फेरफार यांचा ग्रंथ रचला आणि खरंखोटं ओळखणं सोपं झालं. पण असा ग्रंथ गिऱ्हाईक वाचतं, तसा भामटाही वाचतो. कुठला शिक्का कुठे हवा याची तयार यादीच त्याला मिळते.

ली-एनफिल्ड म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० मध्ये निरोप दिला. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बने आणि दुरुस्तही होई. तिथल्या कारागिरांनी पुढचं लाकूड फाटू नये म्हणून एक आडवा स्क्रू बसवला. परदेशी संग्राहक तो स्क्रू दिसला की नाक मुरडतात. मला तो फार आवडतो. हाताशी असेल त्यात भागवणाऱ्या माणसाची ती सही आहे.

आपल्याकडे हा छंद रुजणं कठीणच. थ्री-नॉट-थ्रीची बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य नागरिकाला बंद, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यातून पुराणवस्तू म्हणून सूट हवी तर हत्यार दुरुस्तीनेही चालणार नाही असं हवं. ब्रिटनमध्ये निकामी केलेल्या बंदुकाही विकल्या जातात, आणि तिथे १९९५ पूर्वीच्या जुन्या पद्धतीने निकामी केलेल्यांना बराच काळ जास्त भाव असे, कारण त्यांचा बोल्ट हलत असे. निदान आपल्या पोलीस गोदामांतल्या थ्री-नॉट-थ्री मोडीत काढण्याआधी कुणी तरी बोल्टच्या दांड्यामागचा आणि नेमाच्या पट्टीखालचा क्रमांक ताडून पाहावा, जुळणाऱ्या चार-दोन संग्रहालयासाठी बाजूला काढाव्यात. आणि न जुळणारी, आडव्या स्क्रूची, एक तरी.