शहाणपण नावाची नदी

भाषेच्या मास्तराला गावांच्या नि नद्यांच्या नावांचा नाद असतो. त्या नादात अमेरिकेचा नकाशा चाळताना माँटाना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मला एक चिमुकले गाव सापडले. त्याचे नाव विझ्डम! म्हणजे चक्क शहाणपण.

हे नाव मुळात गावाचे नव्हे, नदीचे. १८०५ साली लुइस आणि क्लार्क हे दोघे संशोधक राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या आज्ञेने या मुलखात आले. एका नदीला त्यांनी जेफर्सनचेच नाव दिले आणि तिला मिळणाऱ्या तीन प्रवाहांना त्याच्या तीन गुणांची: तत्त्वज्ञान, परोपकार आणि शहाणपण. पण गुणांची नावे टिकणे कठीण! पुढे आलेल्या लोकांनी शहाणपणाच्या नदीला ‘बिग होल’ म्हणायला सुरुवात केली. शब्दशः अर्थ लावला तर हसू येईल. परंतु तिकडच्या जुन्या शिकाऱ्यांच्या बोलीत डोंगरांनी वेढलेल्या रुंद खोऱ्याला ‘होल’ म्हणत. शहाणपण उरले ते फक्त काठच्या गावाच्या पाटीवर.

हे खोरे सुमारे सहा हजार फूट उंचीवर आहे. हिवाळा लांबलचक आणि कडक. त्यामुळे येथे धान्य फारसे पिकत नाही. पिकते ते गवत. रँचवाल्यांची, म्हणजे मोठमोठी कुरणे राखून गुरे पाळणाऱ्यांची, ही वस्ती. उन्हाळ्यात गवत कापून गंजी रचायच्या आणि बर्फ पडले की त्या गुरांना घालायच्या. दहा हजार गंजींचे खोरे, अशीच त्याची ख्याती. गवताला पाणी हवे, म्हणून नदीत ठिकठिकाणी बंधारे घालून पाट काढलेले आहेत. वसंतात बर्फ वितळले की पाटाचे पाणी कुरणभर पसरू द्यायचे, ही तिथली जुनी रीत.

पाण्याचा कायदाही ऐकण्यासारखा आहे. ज्याने आधी पाणी उचलले त्याचा हक्क आधी. नदी आटली की नव्या हक्कवाल्याने दार बंद करायचे आणि जुन्याने आपला वाटा पुरा घ्यायचा. या कायद्याचा जन्म सोन्याच्या खाणींत झाला. म्हणूनच पाण्याचे एक जुने माप आजही ‘खाणकऱ्याचा इंच’ म्हणून ओळखले जाते. माँटानात असे चाळीस इंच म्हणजे एक क्युसेक. वाद विकोपाला गेला तर न्यायालय वाटपासाठी माणूस नेमते. तो आपल्याकडच्या पाटकऱ्याचाच भाऊबंद म्हणायचा.

आता जुना बंधारा कसा असे ते पाहा. कोठे खुंट्या रोवून त्यांना फळ्या लावलेल्या, तर कोठे यंत्राने नदीतलेच गोटे ढकलून केलेला ढीग. पुराने ढीग वाहून जाई, की पुन्हा ढकला! दर वेळी तळ खरवडला जाई आणि काठ ढासळत. पाटाच्या तोंडाचे दार मोडके, आणि आत किती पाणी गेले ते सांगणारे माप पुष्कळ ठिकाणी नाहीच.

या सगळ्याची किंमत मोजली एका माशाने. ग्रेलिंग हा शिडासारखा पर मिरवणारा देखणा मासा. अलास्का वगळता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याची नदीत राहणारी मूळची वस्ती उरली ती या खोऱ्यात. त्याला उंच उडी येत नाही. फळ्यांचा बंधारा म्हणजे त्याला भिंतच. शिवाय पिले पाटात शिरत आणि पाट बंद झाला की तडफडून मरत. १९८८ च्या दुष्काळात तर विझ्डमजवळ नदीचे पात्रच कोरडे पडले.

माशाची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली असती तर रँचवाल्यांवर कायद्याची कडक बंधने आली असती. पिढ्यान्‌पिढ्यांचे गवत जाणार की मासा जाणार, असा हा पेच. २००६ साली सरकार आणि रँचवाले यांच्यात एक करार झाला: तुम्ही नदीत पाणी राखा, बंधारे सुधारा, पुढे नोंद झालीच, तर तुमच्यावर आणखी बोजा टाकणार नाही.

मग बंधारे नव्याने बांधणे आले. त्याला परवाना लागतो; नदीचा तळ नि काठ यांच्या रक्षणाचा तिथला कायदा १९७५ चा आहे. काम पाणी उतरल्यावर करायचे. प्रवाह एका अंगाला वळवायचा आणि अडकलेले मासे उचलून दुसरीकडे सोडायचे. एका पद्धतीत तळाखाली चर खणून पायाचे धोंडे बसवतात आणि त्यांवर वरचे धोंडे सांध्यात सांधा घालून रचतात. ही रांग सरळ आडवी नसते. दोन्ही काठांवरून ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी जाऊन मध्ये मिळते. त्यामुळे पाण्याचा जोर काठांवर न जाता मध्यावर येतो. फळ्यांचा बंधारा ठेवायचाच असेल, तर त्याच्या अंगाला आडव्या पट्ट्यांची उतरती पेटी बसवतात. बेल्जियन अभियंता डेनिल याच्या नावाची ही शिडी चढून मासा वर जातो. पाटाच्या तोंडाशी चाकाने वरखाली होणारे दार येते आणि त्यामागे पाणी मोजण्याची पन्हळ.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे साधे दार. पूर्वी एखाद्या रँचवाल्याला नदीसाठी पाणी सोडावेसे वाटले, तरी मोडक्या दारातून ते नेमके सोडता येत नसे. किती घेतले हेच माहीत नाही, तर किती दिले हे कसे सांगणार? शेवटच्या गुरापर्यंत चार घोट पोचावेत म्हणून ऐन उन्हाळ्यात सारा पाट वाहता ठेवावा लागे. आता गुरांसाठी विहिरी आणि हौद झाले, तसे पाटही बंद ठेवता येऊ लागले. औदार्य माणसाच्या मनात असून भागत नाही. त्यालाही एक चांगले दार लागते.

गोष्ट येथे संपली असे मात्र नाही. २०१४ साली सरकारने माशाची नोंद करण्याची गरज नाही असे ठरवले. तो निर्णय न्यायालयात गेला आणि हा वाद २०२४ सालीही मिटलेला नव्हता. नदी तापते आहे, बर्फाचा भरवसा नाही. तरीसुद्धा पाण्यावरून भांडणारी माणसे पाणी मोजायला एकत्र बसली, हे काही थोडे नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी नदीला दिलेले नाव नकाशावरून पुसले गेले खरे. पण काठच्या माणसांना ते पुन्हा आठवू लागले आहे, असे म्हणायला काय हरकत आहे?