उपळसरीचा घरगुती सोडा

बाजारातील गोटी सोड्यात वायू यंत्राने दाबून भरलेला असतो. घरी केलेल्या सोड्यात तोच वायू किण्व नावाचे सूक्ष्म जीव साखरेपासून तयार करतात. हा फरक ध्यानात ठेवल्यास बांधावरील उपळसरी, आले व घरातील मसाले यांपासून रुचकर पेय करता येते. तो विसरल्यास बाटली फुटून इजा होण्याचा संभव असतो.

मुळांची पारख : उपळसरी अथवा अनंतमूळ ही बारीक वेल असून तिची पाने समोरासमोर येतात व मधल्या शिरेलगत बहुधा पांढरट पट्टा असतो. तोडल्यास दुधासारखा चीक निघतो. परंतु चिकाच्या वेली अनेक आहेत व त्यांपैकी काही विषारी असल्याने केवळ चिकावर विसंबू नये. मूळ ठेचताच व्हॅनिलासारखा गोड सुवास यावयास हवा. जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. शंका असल्यास मूळ वापरू नये.

आल्याचे विरजण : स्वच्छ काचेच्या बरणीत पाव लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात रोज एक चमचा किसलेले आले व एक चमचा साखर घालून ढवळावे. आले धुवावे, पण सोलू नये, कारण किण्व सालीवर असतात. तोंडाला फडके बांधावे. सुमारे ५ ते ७ दिवसांत बुडबुडे येऊ लागतात. बुरशी दिसल्यास सर्व टाकून द्यावे.

कृती : दोन लिटर पाण्यात २० ग्रॅम ठेचलेले आले, ४ वेलदोडे व दालचिनीचा बोटभर तुकडा १० मिनिटे उकळावा. भांडे उतरवून त्यात धुऊन ठेचलेली ५० ग्रॅम सुकी मुळे घालून झाकावे. मुळे उकळू नयेत. त्यांचा सुवास वाफेबरोबर उडून जातो. गार झाल्यावर गाळून २०० ग्रॅम साखर विरघळवावी व २०० मिलिलिटर गाळलेले विरजण मिसळावे. मिश्रण गरम असल्यास किण्व मरतात.

बाटल्या भरणे : अर्ध्या लिटरच्या, सोड्याच्याच प्लॅस्टिक बाटल्या घ्याव्यात व चार बोटे जागा रिकामी ठेवावी. प्रत्येक बाटलीत सुमारे ४० ग्रॅम साखर जाते. त्यातील केवळ ५ ग्रॅम साखरेपासून सव्वा लिटरच्या आसपास वायू निर्माण होतो व फसफसण्यास तेवढा पुरेसा असतो. उरलेली साखर गोडीसाठी असली, तरी किण्व आपण होऊन थांबत नाहीत. म्हणून बाटली दिवसातून दोनदा दाबून पाहावी. ती टणक लागताच, उन्हाळ्यात बहुधा एकदोन दिवसांत, शीतकपाटात ठेवावी व तीनचार दिवसांत संपवावी. काचेची बाटली दाबून पारखता येत नाही. ती वापरू नये. या क्रियेत थोडे मद्यार्कही तयार होते. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना हे पेय देऊ नये.

वेलीचे रक्षण : मूळ काढले की वेल मरते, हे विसरू नये. पावसाळ्यानंतर बाजूची थोडी मुळेच काढावीत, मुख्य मूळ राखावे व माती पुन्हा लोटावी. वनखात्याच्या जमिनीत परवानगीवाचून खणू नये. पावसाळ्याच्या आरंभी मुळांचे तुकडे कुंपणालगत लावल्यास पुढे घरापुरती मुळे स्वतःच्याच बांधावर मिळू शकतील.