नीतीला धर्म लागतो काय?

‘धर्म सुटला की नीती सुटते’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले, शाळेतल्या गुरुजींकडून ऐकले आणि पुढे विद्वानांच्या व्याख्यानांतून तेच जरा भारदस्त भाषेत ऐकले. देवाचा धाक नसेल तर माणूस चोरी का करणार नाही, खोटे का बोलणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. अलीकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने माझ्या घरात आला. माझा मुलगा कोणताही धर्म मानत नाही, विहारात येत नाही. एका बुद्धपौर्णिमेला त्याने मला विचारले, “बाबा, चांगलं वागायला पंचशील म्हणायलाच पाहिजे का?” मी आयुष्यभर मुलांना शिकवले, पण त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर मी येथे शोधतो आहे.

प्रथम माझा अनुभव सांगतो. आमचे गाव मराठवाड्यातले. माझ्या आईवडिलांनी १९५६नंतर गावातच धम्मदीक्षा घेतली होती, पण गावाच्या लेखी आमची वस्ती म्हारवाडाच राहिली. गावात एक वारकरी गृहस्थ होते. त्यांची पंढरीची वारी कधी चुकली नाही. गळ्यात माळ होती. सकाळी मुंग्यांच्या वारुळाला साखर घातल्याशिवाय ते तोंडात घास घालत नसत. वाटेत सापडलेली पैशांची पिशवी त्यांनी मालक शोधून परत केल्याचे सारे गाव सांगे. १९७२च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. गावातल्या विहिरी आटल्या. पाणी राहिले ते या गृहस्थांच्या विहिरीला. त्यांनी विहीर साऱ्या गावाला मोकळी केली. ‘साऱ्या गावाला’ या शब्दात आम्ही नव्हतो. आमच्या बाया विहिरीपासून वीस पावलांवर रिकाम्या घागरी मांडून बसत आणि कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत. माझी आई एकदा सकाळपासून उन्हे डोक्यावर येईपर्यंत तशी बसली होती. ते गृहस्थ तिच्या शेजारून गेले. त्यांनी शिवी दिली नाही, हाकलले नाही. फक्त मुंग्यांची रांग लागली तेव्हा पाय जरा बाजूला टाकला.

त्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते ढोंगी नव्हते. ते आपल्या परीने सज्जन होते आणि रात्री त्यांना शांत झोप येत असली पाहिजे. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. धर्माने त्यांना दया शिकवली होती. त्याचबरोबर दयेची हद्द कुठे संपते हेही शिकवले होते. मुंगी हद्दीच्या आत होती, माझी आई बाहेर होती. त्यांना धर्माची उणीव नव्हती. धर्म भरपूर होता, आणि म्हणूनच त्यांच्या मनाला टोचणी लागली नाही.

हे एका गावाचे किंवा एका माणसाचे नाही. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी मंत्र म्हणत गोमूत्र-शेण घालून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या तळ्यावर जनावरांना बंदी नव्हती ते माणसाच्या ओंजळीने बाटले. शुद्धी करणाऱ्यांना आपण पाप करतो आहोत असे वाटले नाही. धर्मकृत्य करतो आहोत असेच वाटले. अस्पृश्यांचा त्या पाण्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.

त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. या घटनेकडे आपण निषेध म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ग्रंथ अन्याय्य आहे असा निर्णय देण्यासाठी न्याय म्हणजे काय हे ग्रंथाच्या बाहेरून ठाऊक असावे लागते. ज्यांना तो ग्रंथ वाचण्याचीही मुभा नव्हती त्यांनी त्याचा न्याय केला. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्यांनीही आपल्या पिढीजात धर्मग्रंथाला याच मापाने मोजले. हे माप कुठून आले? ते धर्माने दिले असते तर धर्मालाच ते लावता आले नसते. म्हणजे नीती ही धर्माच्या आधीची आहे. माणूस अमुक धर्म चांगला, तमुक वाईट असे म्हणतो तेव्हा नीतीचा तराजू त्याच्या हातात अगोदरच असतो.

मग धर्म नाकारणारी माणसे नीतिभ्रष्ट होतात, या म्हणण्याचे काय? आपल्याच महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर होऊन गेले. ते अज्ञेयवादी होते, विवेकापलीकडचे कोणतेही प्रामाण्य त्यांनी मानले नाही. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा ठेवू नकोस असे त्यांनी आईला कळवले आणि ते शिक्षणाच्या कामात पडले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यांच्या जिवंतपणी पुण्याच्या धर्मनिष्ठांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. आंध्रात गोरा या नावाने ओळखले जाणारे गोपराजू रामचंद्र राव वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नास्तिकपणापायी त्यांची नोकरी गेली. १९४० साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र स्थापन केले आणि अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजने घातली, आंतरजातीय विवाह लावले. देव न मानणाऱ्या या माणसाने अस्पृश्य मानलेल्यांबरोबर पंगत मांडली, आणि देव मानणारे आमचे गृहस्थ आईच्या घागरीत पाणी ओतू शकले नाहीत. तेव्हा मुलाच्या प्रश्नाचा पहिला भाग मला मान्यच करावा लागतो. एकट्या माणसाला चांगले जगण्यासाठी धर्माची, देवाची, स्वर्गनरकाची गरज नाही.

बुद्धानेही याहून वेगळे सांगितलेले नाही. केसपुत्त नगरीतील कालामांना त्याने परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका असा उपदेश केला. त्याच प्रसंगी तो सांगतो की परलोक आणि कर्मफळ असेल तर शीलवान माणसाचे भले होईल. आणि नसले, तरी तो इथे, याच जन्मी, वैररहित आणि निश्चिंत मनाने जगेल. शीलाची किंमत परलोकावर अवलंबून ठेवायची नाही, असा त्याचा अर्थ.

इथपर्यंत आल्यावर मुलगा म्हणेल, मग विषय संपला. पण बाबासाहेबांच्या लेखी तो इथे संपला नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केल्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६पर्यंत एकवीस वर्षे त्यांनी विचार केला. धर्मच नको, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. का केले नाही?

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी मांडले की समाज एकत्र राहायचा तर त्याला कायद्याचे किंवा नीतीचे बंधन हवे. पैकी कायद्याचा वाटा नेहमीच थोडा असतो, बहुसंख्यांचे रोजचे वागणे नीतीवरच चालते. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, १९५५ साली अस्पृश्यताविरोधी कायदा आला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. तरी २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. कायदा हवाच, तो नसता तर आपल्याला फिर्यादही देता आली नसती. पण प्रत्येक विहिरीवर शिपाई उभा करता येत नाही, आणि शिपायाच्या मनातही तीच विहीर असेल तर काय करणार?

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब म्हणतात की नुसती नीती पुरेशी नाही. ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे. याचे कारण ते समूहनीतीत दाखवतात. चोरांनाही आपसांत नीती असते. व्यापाऱ्यांना असते. जातीला तर फारच कडक नीती असते. जातभाईला दगा देणारा माणूस जातीत वाईटच ठरतो. पण ही नीती कुंपणाच्या आतली असते आणि बाहेरच्याला लुबाडायला ती मोकळीक देते. वारकरी गृहस्थांचे कोडे मला या पानांवर उलगडले. त्यांच्याकडे नीती होती, पण ती समूहाची होती, माणसाची नव्हती.

‘पवित्र’ या शब्दाने मुलगा बिचकतो. मीही बिचकत असे, कारण पवित्र या शब्दानेच आपल्याला बाटगे ठरवले होते. बाबासाहेबांच्या मांडणीत त्याचा अर्थ साधा आहे: जिला सोयीसाठी कोणी हात लावायचा नाही, अशी गोष्ट. बलवानाला दुर्बळाला चिरडणे परवडते. तिथे हिशेब चालू दिला तर दुर्बळ नेहमीच हरतो. म्हणून माणसाचे माणूसपण हिशेबाच्या बाहेर ठेवायचे. इतर धर्मांत नीती ही आगगाडीला जोडलेल्या डब्यासारखी असते, प्रसंग पाहून जोडतात आणि सोडतात, असे ते म्हणतात. धम्मात देवाच्या जागी नीतीच आहे. तो डबा काढला तर मागे काही उरतच नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती लपवून हा लेख लिहिणे अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने मातंग मुलाशी लग्न करायचे ठरवले. भावकी जमली. सगळ्यांच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो, ही बावीस प्रतिज्ञांतली प्रतिज्ञा सगळ्यांना तोंडपाठ. तरी ‘आपल्यातला मुलगा मिळाला नसता काय’ असे एकाने म्हटले आणि कोणी त्याला हटकले नाही. मीही गप्प राहिलो. आम्ही डबा सोडून दिला होता आणि गाडी तशीच हाकत होतो. लग्न नोंदणी पद्धतीने झाले. साक्षीदार म्हणून सही करायला माझा मुलगा गेला, जो पंचशील म्हणत नाही.

तेव्हा मी त्याला आता काय सांगू? हे सांगेन, की तुला चांगले वागायला धर्म लागला नाही हे खरे. पण तू ज्या घरात वाढलास त्या घराने, त्या वस्तीने एकत्र उभे राहून मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावाचा बहिष्कार सोसला, बलुत्याची भाकर सोडून पोरे शाळेत घातली. एकेकट्याने ठरवून हे झाले नसते. एकाने सोडले असते तर गावाने दुसऱ्याला बोलावले असते. सगळ्यांनी मिळून शब्द दिला आणि तो पाळण्यासाठी एकमेकांना धरून ठेवले, म्हणून झाले. त्या शब्दाला आम्ही धम्म म्हणतो. एकट्याला तो लागेलच असे नाही. समाजाला लागतो, आणि दुर्बळांच्या समाजाला अधिक लागतो. तो नुसता म्हणायचा मंत्र झाला की वारकरी गृहस्थांत आणि माझ्यात फरक उरत नाही, हे तूच मला दाखवलेस.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी पुतणीच्या सासरी गेलो. त्या दिवशी गप्प बसलो याची माफी मागितली. तिच्या सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिताना मला आईची ती दुपार आठवली. त्या दिवशी विहिरीच्या कडेला उभा असलेला माणूस इतकी वर्षे मी दुसराच कोणी समजत होतो.