दगडावाचून रस्ता

नेवाशाच्या मनुष्यास दगडाची महती कोणी सांगू जाऊ नये. प्रवरेकाठी सापडलेल्या दगडी हत्यारांमुळे डॉ. सांकळिया यांनी अश्मयुगातील एका संस्कृतीस या गावाचेच नाव दिले. आपल्याकडे सडक करावयाची म्हणजे जवळची खाण पाहावयाची आणि खडी फोडावयाची. परंतु जेथे खडीचा खडाही निघत नाही, तेथे सडक व्हावी कशी?

मालदीवमधील अड्डू हा असाच मुलूख. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस पोवळ्यांच्या कड्यावर गन, फेयधू, मरधू, हितधू ही चिमुकली बेटे एका हमरस्त्याने ओवलेली आहेत. समुद्रापासून त्यांची उंची पुरुषभरही नाही. पावसाचे पाणी जावे कोठे, हाच तेथे खरा प्रश्न. म्हणून रस्ता नव्याने बांधणे म्हणजे त्यासोबत गटारेही बांधणे होय. खडी, रेती सारी गलबतांतून यावयाची. २०२४-२५ या एका सालासाठी भारताने मालदीवला १० लाख टन खडी आणि तितकीच नदीची रेती नेण्याची मुभा दिली होती!

हे काम मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीने केले. पैसा भारताच्या एक्झिम बँकेने ८० कोटी डॉलरच्या कर्जातून पुरविला; ते दान नव्हे. थोरल्या भावाने धाकट्यास रक्कम दिली, तरी घेणाऱ्याचा संकोच देणाऱ्यास क्वचितच उमगतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस ठाऊक असेलच. शिवाय परक्यांचा तळ अड्डूने पाहिलेला आहे. ब्रिटिश आरमार दुसऱ्या महायुद्धात तेथे दडले होते. त्यांचे विमानदल तर १९७६ पर्यंत होते. भारताविरुद्धही मालदीवमध्ये चळवळ उठली. २०२३ साली मुइझ्झू अध्यक्ष झाले आणि मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परतले.

रस्ता मात्र मोडला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांच्या उपस्थितीत तेथील जोडपूल खुले झाले आणि २५ जुलै २०२५ रोजी पंतप्रधान मोदी यांच्या मालदीव-भेटीत रस्ते व गटारे यांचे उद्घाटन झाले.

त्याच भेटीतील दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. मालदीवने भारतास द्यावयाचा वार्षिक हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आला, आणि ४,८५० कोटींचे नवे कर्ज रुपयांत ठरले. मासे विकून व प्रवाशांची सरबराई करून ते लोक डॉलर जोडणार. खडी भारताची, कंत्राटदारही भारताचा, मग मध्ये डॉलर हवा कशास?