ऑइल शेवटचं कधी बदललं, आठवतंय?

गाडी घेतली की दोन गोष्टी फुकट मिळतात. शोरूमवाल्यांचा पेढ्यांचा बॉक्स आणि सल्ले. पेढे त्याच दिवशी संपतात. सल्ले संपत नाहीत, आणि त्यातले निम्मे तरी इंजिन ऑइलबद्दलचे असतात. काका म्हणतात, ‘‘पाच हजाराला बदलायचं म्हणजे बदलायचं. आमची गाडी काय उगाच वीस वर्षं चालली?’’ सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, दहा हजार. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला डिपस्टिक बाहेर ओढतो, बोटाला लागलेलं तेल तुमच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, ‘‘बघा दादा, डांबर झालंय नुसतं.’’ आणि रात्री रील्स बघताना कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, फुल सिंथेटिक टाका आणि वीस हजार किलोमीटर विसरून जा.

यातलं खरं कोणाचं? थोडं थोडं सगळ्यांचंच. पण तुमच्या गाडीचं उत्तर यातल्या एकाकडेही नाही. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, विम्याच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून आजवर बाहेर न आलेल्या त्या पुस्तकात. ओनर्स मॅन्युअल. सेकंडहँड गाडीबरोबर ते आलं नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. त्यातला मेंटेनन्सचा तक्ता उघडा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी तिथे १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असं लिहिलेलं असतं. काही गाड्यांना १५,००० चालतात. आणि या आकड्यांना चिकटून एक छोटीशी ओळ असते, ‘जे आधी होईल ते’. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, ही ओळ कोणाच्याच राहत नाही.

काकांना मात्र लगेच वेड्यात काढू नका. त्यांच्या काळात पाच हजार हे बरोबरच होतं. कार्बोरेटरची इंजिनं जास्तीचं पेट्रोल पीत, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरे, आणि तेल असायचं साधं मिनरल. अमेरिकेतही असाच ३,००० मैलांचा, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटरचा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं, तेलं सुधारली, तरी लोक मंत्र सोडेनात. शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा-पुनर्वापर खात्याला मोहीम काढून सांगावं लागलं, की बाबांनो, तुमच्या गाडीचा आकडा काय आहे तो आधी बघा, चांगलं तेल फुकट ओतून टाकू नका.

म्हणजे रोज रनिंग असलेला, मॅन्युअल पाळणारा माणूस सुखात आहे. काळजी वाटते ती दुसऱ्याच एका मंडळींची.

‘गाडी चालतेच कुठे?’

तुम्ही पंचविशी-तिशीतले आहात. पहिली गाडी घेतलीय, बहुधा सेकंडहँड, बहुधा हप्त्यावर. ऑफिस आठवड्यातून तीन दिवस, तेही चार किलोमीटरवर. वर्ष झालं तरी ओडोमीटर जेमतेम साडेचार हजार पुढे सरकलंय. सर्व्हिसचा मेसेज येतो आणि तुम्ही म्हणता, गाडी चालतेच कुठे? दहा हजार झाले की बघू.

हाच विचार महागात पडतो.

इंजिनात तेल नुसतं वंगण म्हणून नसतं. ते पिस्टनची उष्णता खाली वाहून आणतं, जळालेल्या इंधनाची काजळी आपल्यात धरून ठेवतं, आम्लं मारतं, धातूला गंज चढू देत नाही. ही कामं करणारी रसायनं तेलात मिसळलेली असतात आणि ती हळूहळू खर्च होतात. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये शिरते आणि इंजिन गार असेल तर तिथेच तिचं पाणी होतं. इंजिन नीट तापलं की हे पाणी आणि तेलात उतरलेलं पेट्रोल उडून जातं. पण तेल तापायला वेळ लागतो. टेम्परेचरचा काटा मधोमध आला म्हणजे कूलंट तापलं. तेल त्याच्या मागून, सावकाश येतं. चार किलोमीटरच्या फेरीत ते पुरतं तापायच्या आतच तुम्ही पार्किंगमध्ये पोहोचलेले असता. पाणी आत, पेट्रोल आत, संध्याकाळी पुन्हा तेच. असं वर्षभर झालं की तेलाचा चिखल व्हायला लागतो. त्याला स्लज म्हणतात, आणि तो तेलाच्या बारीक वाटा बुजवतो.

दुसरा हिशेब किलोमीटरचा. वाकडहून हिंजवडीत शिरताना सकाळी चार किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागतात, हे तिथे जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. ठाण्याच्या घोडबंदर रोडवालेही मान डोलावतील. तेवढ्याच पंचवीस मिनिटांत एक्स्प्रेस वेवर गाडी चाळीस किलोमीटर जाते. दोन्हीकडे इंजिन पंचवीस मिनिटंच फिरलं. ओडोमीटरने मात्र एकीकडे चार लिहिले आणि दुसरीकडे चाळीस. वर हायवेवरच्या इंजिनाला मोकळी हवा, एकसारखा वेग. तुमचं इंजिन उभ्या उभ्या तापतंय, क्लच-ब्रेक-क्लच. तेव्हा दर आठवड्याला पुणे-मुंबई करणाऱ्या मित्राची गाडी तुमच्यापेक्षा तिप्पट चालली असेल, पण तिच्यातलं तेल तुमच्या तेलापेक्षा चांगल्या तब्येतीत असू शकतं.

कंपन्यांना हे माहीत असतं. मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर कंडिशन्स’ नावाचा एक भाग असतो. वाचताना वाटतं, हे वाळवंटातल्या रॅलीवाल्यांसाठी असेल. नीट बघा: वारंवार छोट्या फेऱ्या, थांबत-थांबत चालणारा ट्रॅफिक, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं, धूळ. मेट्रोचं काम चालू असलेल्या शहरात राहणाऱ्याचं हे अगदी रोजचं वर्णन झालं! अशा वापरासाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये मुदत कमी दिलेली असते. दिली असेल तर तीच तुमची.

दिली नसेल तर? माझं मत असं: साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला मॅन्युअलमधले किलोमीटर पाळा, पण बारा महिने ओलांडू नका, मग गाडी तीन हजार चालली असो नाहीतर तीनशे. छोटं टर्बो इंजिन असेल आणि गाडी सगळी शहरातच फिरत असेल तर सात-आठ हजारांना किंवा नऊ-दहा महिन्यांनी बदलून मोकळे व्हा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. तिथे काटकसर नको. ऑइल आणि फिल्टरचा खर्च चार आकडी असतो, इंजिन उघडायचं झालं तर पाच-सहा आकडी. आणि सर्व्हिस चुकवलीत, बिलं नसली, तर वॉरंटी मागताना कंपनी हात वर करू शकते.

खरी गडबड पातळीची

‘कधी बदलायचं’ यावर एवढा काथ्याकूट होतो, पण दोन सर्व्हिसच्या मध्ये तेल आहे की नाही हे कोणी बघत नाही. थोडं तेल इंजिन खातंच, जुनं असेल तर जास्त. तेव्हा महिन्यातून एकदा, आणि गावाला निघायच्या आदल्या दिवशी तर नक्कीच, बोनेट उघडा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग बाहेर काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं पाहिजे. छोट्या गाडीत या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरच्या आतबाहेर असतं. खालच्या खुणेशी आलं असेल तर त्याच ग्रेडचं तेल थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्त तेलही बाधतं.

डिझेलवाल्यांनी उलटंही बघावं. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करायला जादा डिझेल जाळतो. शहरात ही सफाई अर्धवट राहिली तर न जळालेलं डिझेल तेलात उतरतं आणि पातळी वाढलेली दिसते. ‘अरे वा, तेल वाढलं’ म्हणून खूश होऊ नका, गाडी दाखवा.

आणि डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिसणारा. तो तेल कमी झाल्याचं आगाऊ सांगायला नसतो. तेलाचा दाब गेला, हे तो सांगतो. चालू गाडीत लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ नाही. कडेला घ्या, इंजिन बंद करा, टो बोलवा. असं रेटलेलं इंजिन काही मिनिटांत सीझ होऊ शकतं.

रंगावर जाऊ नका. डिझेलचं तेल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं आणि ते तसंच व्हायला हवं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. सीएनजीत उलटी फसगत होते: काजळी कमी, तेल बरेच दिवस सोनेरी, आणि मालक निवांत. पण उष्णतेने ते आतून म्हातारं होतंच. रंगात घाबरायचं ते एकाच गोष्टीला. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर म्हणूनच सेल्फ मारून बघायचा नाही. आधी मेकॅनिक, आधी तेल.

ग्रेडचं गणित सोपं आहे. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काही असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, पुढचा तापल्यावरचा दाटपणा. नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांना फार पातळ तेलं लागतात, अगदी ०डब्ल्यू-१६ सुद्धा. ‘आपल्याकडे गरमी असते, जाड टाकू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. पुस्तकात जे लिहिलंय ते. फिल्टर दर वेळी नवा. आणि बिलात ‘इंजिन फ्लश’ किंवा कसलीशी जादूची बाटली दिसली तर पुस्तकात ती कुठे आहे ते विचारा.

नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलीत आणि जुनी बिलं नाहीत? मग आधीच्या मालकाच्या शब्दावर किलोमीटर मोजत बसू नका. याच आठवड्यात तेल-फिल्टर बदला, ओडोमीटरचा फोटो काढा, तारखेसकट. तुमचा हिशेब तिथून सुरू.

बदलताना शक्यतो समोर उभे राहा. डब्याचं सील तुमच्यासमोर तुटू दे. काढलेलं काळं तेल गटारात ओतलं जात नाही ना, तेही विचारा. आपल्या कायद्यात ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. गावाकडे दारं-खिडक्यांना वाळवी लागू नये म्हणून ते मागून नेतात. देऊ नका, ते अंगाला चांगलं नाही. आणि निघताना रिकामा डबा मागून घ्या. ब्रँडेड डब्यांत पुन्हा भलतंच तेल भरून विकणारे कमी नाहीत. स्क्रूड्रायव्हरने डब्याला एक भोक पाडा, मग खुशाल भंगारात टाका.